फोटोवरचं बोट

पेटीतल्या आईच्या जुन्या फोनच्या कव्हरला अजून उसाच्या पाचटाचा वास येतो. तिला अक्षरं येत नव्हती. ऊसतोडीला गेली की पाचटाच्या झोपडीत, कोपीत बसून ती पडद्यावरचा माझा फोटो दाबायची, अन् इकडे शिरूरला मला फोन लागायचा. पुढं कंपनीनं त्या फोनची सिस्टीमच वाऱ्यावर सोडली, ॲपं बंद पडली, म्हणून मी तिला नवा फोन घेऊन दिला आणि पडद्यावर वॉलपेपर म्हणून हौसेनं माझाच फोटो लावला. ती पुन्हा तोडीला गेली, अन् महिनाभर तिचा फोन आला नाही. मीही रुसून केला नाही. परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, “रोज दाबत व्हते गं तुझ्या फोटूला, तू बोललीच न्हाईस.” आता ती नाही; माझ्या फोनवर तिचा फोटो आहे, आणि बोट आपोआप तिथंच जातं.