टोपलीतली नऊ पिले

प्रवासाने माणसाची दृष्टी विशाल होते, असे थोर लोक सांगत आले आहेत. माझी दृष्टी त्या दिवशी एका टोपलीपलीकडे गेली नाही.

नांदुऱ्याला रेल्वेतून उतरलो तेव्हा माझी मैत्रीण सुजाता जीप घेऊन उभी होती. ती जनावरांची डॉक्टर. जळगाव जामोदच्या रस्त्याला सातपुडा निळा दिसू लागला, तसा मी ‘वा!’ म्हणालो.

"डोंगर परत येतानाही तिथंच असेल," ती म्हणाली. "आधी गंगामावशीची डुकरीण. आज-उद्या व्यायची आहे."

गेल्या उन्हाळ्यात स्वाइन फीवरने, म्हणजे विषाणूच्या तापाने, मावशीची सगळी डुकरे गेली. ही एकटी तगली. पुढे सुजाताने तिचे रक्त तपासले, तर विषाणूचा पत्ता नव्हता आणि त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडे मात्र भरपूर होती. नंतर ती गाभण राहिली. मावशीचा धंदा पुन्हा उभा राहायचा तो याच पिलांवर.

गावाबाहेरच्या खोपटापाशी पोचलो, तर डुकरीण पहाटेच व्याली होती. नऊ पिले टोपलीत, गोधडीखाली. मावशी चिंधीच्या बोळ्याने त्यांना शेळीचे दूध पाजत होती.

"मायपासून काऊन तोडले, मावशी?" सुजाता एकदम वऱ्हाडीत शिरली.

"मंग काय करू? तापातून उठेल हाये ते. तिच्या दुधात तोच ताप असन नं! एकडाव सारे मेले माहे. आता नाई."

"ताप नाई, तापासंग लढाची ताकद हाये तिच्या चिकात (व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधात). पोटात असतानी पिलाले त्यातलं काहीच भेटत नाई. आन् उद्यापर्यंत त्याइच्या आतड्याचं दार बंद होते. मंग कितीबी पाजा, उपेग नाई."

मावशीने माझ्याकडे पाहिले. "साहेब, हे खरं सांगून राह्यली का?"

मी आयुष्यात डुक्कर इतक्या जवळून पाहिले नव्हते. तरी पुण्याच्या माणसाला शोभेल अशी मान हलवली.

"याइले काय समजते!" मावशी उठली. "एक लावून पाह्यतो."

एक लावले. ते चुरूचुरू पिऊ लागले. मावशीने वाकून त्याचे पोट चाचपले. मग दुसरे, तिसरे. पाचव्यानंतर तिने टोपलीच कलती केली. सर्वांत किडकिडीत पिलू माझ्या हाती आले. "धरा साहेब, सड सोडू देऊ नका." ते पोट भरेपर्यंत मी शेणामुतात उकिडवा बसलो होतो. उरलेल्या शेळीच्या दुधाचा चहा झाला, चांगला होता.

परतीच्या एसटीत माणसे दाटीने उभी होती. माझ्या शेजारची जागा नांदुऱ्यापर्यंत रिकामी राहिली, त्यामुळे विचाराला निवांतपणा मिळाला. आपण लेकरांना घर देतो, आडनाव देतो. जिंकलेली लढाई पाजता येणे मोठेच भाग्य, असे मला वाटले.

परवा सुजाताचा फोन आला. नऊही पिलांच्या रक्तात आईची प्रतिपिंडे सापडली. त्यातले एक अजून सर्वांत किडकिडीतच आहे. मावशी त्याला ‘साहेब’ म्हणते.