डिकीतला मृदंग

माझ्या गाडीच्या डिकीत दोन सबवूफर, म्हणजे खर्जाचे मोठाले स्पीकर आहेत, हे मी ओळखीच्या लोकांना सहसा सांगत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, विम्याच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाची गाडी सिग्नलला उभी राहून धडधडावी, हे काही शोभत नाही. पण हा उद्योग माझा नव्हे. गाडी मूळची मुंबईच्या मेव्हण्याची. ती माझ्याकडे आली तेव्हा हे दोन खोके मागच्या सीटला पाठ टेकून आधीच बसलेले होते. आज काढू, उद्या काढू म्हणत होतो, तेवढ्यात एका रविवारी आबा मागच्या सीटवर बसले.

आबा म्हणजे माझे वडील. लांज्याच्या आतल्या बाजूला आमचं गाव, आणि तिथल्या नमनात, म्हणजे शिमग्यातल्या नाच-गाण्याच्या खेळात, मृदंग वाजवण्यात त्यांची उभी हयात गेली. गेल्या काही वर्षांत कान मात्र पार गेले. श्रवणयंत्र आणलं, तर त्यातून म्हणे नुसती भांडी आपटल्याचा आवाज येतो. ते फडताळात गेलं ते गेलंच. घरात आम्ही त्यांच्याशी कानात ओरडून बोलतो, नाहीतर हातवारे करतो.

त्या रविवारी मालगुंडच्या रस्त्याला लागल्यावर मी सहज गावच्या नमनाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. आरशात पाहतो तर आबांची बोटं मांडीवर चाललेली. मी आवाज बंद केला, बोटं थांबली. पुन्हा लावला, पुन्हा सुरू. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात, त्याचा आवाज खर्जातला असतो. तो डावा हात सीटमधून थेट त्यांच्या पाठीला लागत होता. उजव्या हाताचं बारीक काम त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, पण ते त्यांना पाठच होतं. मला भडभडून आलं. वळणं अवघड होती म्हणून आवरलं, एवढंच.

खोके अर्थातच राहिले. दर रविवारी आबा, मी आणि बायको असे समुद्राच्या कडेने फिरून येऊ लागलो. बायको म्हणायची, आपल्या वयाची माणसं देवळात जातात आणि आपण डिकी वाजवत फिरतो.

पावसाळ्यात त्या खोक्यांना जोर पुरवणारा अँप्लिफायर गेला. उघडून पाहिला तर आत सगळं हिरवं पडलेलं. इथली खारी हवा कशाचीच गय करत नाही. आम्ही रत्नागिरीकर दुखण्याला घाबरत नाही तेवढे गंजाला घाबरतो, आणि आमच्यातही माझा नंबर वरचा. फाटकाच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, गॅलरीतल्या झोपाळ्याच्या कड्या, सगळ्यांना मी न चुकता रंग नाहीतर ग्रीस फासत असतो. गाडी आली तेव्हा तेल बदलायच्या आधी मी तिच्या पोटाला आणि डिकीच्या तळाला काळा, जाड अँटी-रस्ट कोट मारून घेतला होता.

नवा, आधीपेक्षा दणकट अँप्लिफायर आणला. त्याची एक तार बॅटरीकडून येते आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला जोडतात. जुन्या तारेचा बोल्ट गंजून तुटला होता. फिटरने नवी जागा निवडली आणि पटाशी हातात घेतली.

"काका, इथला कोट खरवडायला लागेल. पत्रा उघडा पायजे."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "आज पत्रा उघडा केलास तर पुढच्या पावसाळ्यात डिकीला भोक पडेल. बोल्ट घट्ट आवळ, झालं."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बोल्ट घट्ट आवळला.

रविवारी निघालो. रेकॉर्डिंग लावलं आणि मला तेव्हाच कळलं की काहीतरी बिघडलंय. टाळ, गाणं सगळं होतं, पण खालचा ठोका पुठ्ठ्याचं खोकं वाजवल्यासारखा पोकळ येत होता. आरशात पाहिलं. आबांचे हात मांडीवर नुसते पडलेले होते. मी आवाज वाढवत नेला, इतका की बायकोने कानावर हात ठेवले. आबा खिडकीतून समुद्र बघत राहिले.

गाडी कडेला घेऊन मी त्यांच्या कानात ओरडलो, "वाजत नाही ना?"

"वाजत असंल," ते म्हणाले. "माजंच गेलं. कान गेलं, आता पाठ पन गेली. तू नको वाईट वाटून घेव."

"आबा, मशीन बिघडलंय! मशीन!"

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी त्यांची समजूत काढतोय असंच त्यांना वाटलं, आणि उलट तेच माझी काढू लागले. घरी परतल्यावर, पुढल्या ऐतवारी मना नको नेव, एवढं बोलून ते खोलीत गेले. त्यानंतर जेवायला बोलावलं की येत, जेवत, परत जात. मला ते बघवत नव्हतं.

फिटर बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला, दुकानाला कुलूप. मग मीच डिकीत डोकं घातलं. आधी आवाजाची चावी वाढवली, तर नुसती घरघर वाढली. मग कळलं की खालचे सूर अडवायचंही एक बटण असतं. ते तपासलं, तर बरोबर होतं. दोन वूफरपैकी एकाच्या तारा उलट लागल्या तर दोघे एकमेकांचा आवाज खातात, असं कुठेतरी वाचलं होतं. तारा सोडवल्या, ताडून पाहिल्या, पुन्हा लावल्या. सगळं जिथल्या तिथे होतं आणि वाजत मात्र काही नव्हतं. माझी चिडचिड ऐकून बायको चहा घेऊन आली आणि डिकीत डोकावली.

"अहो, हा दिवा बघा," ती म्हणाली. अँप्लिफायरवर एक इवलासा दिवा असतो. "ठोका आला की हा मान टाकतो. विहिरीवरचा पंप व्होल्टेज नसलं की असाच कण्हतो ना?"

मी पाहिलं. खरंच, दर ठोक्याला दिवा विझू विझू व्हायचा. बॅटरीकडून येणारी तार तर नवी आणि जाड होती. म्हणजे वीज येत होती, पण तिला परत जायला पुरेशी वाट नव्हती. मी पत्र्याकडच्या बोल्टपाशी पाहिलं. तो माझ्या लाडक्या काळ्या कोटावर ऐटीत बसला होता.

फिटरचं म्हणणं मी बायकोला सांगितलं. ती इतकी हसली की चहा सांडला. "तुम्ही गंजाला भिता ते ठाऊक होतं. आबांचा मृदंग रंगाखाली पुराल असं नव्हतं वाटलं."

बॅटरीची तार सोडवली, बोल्ट काढला आणि पॉलिश पेपर घेऊन तेवढा कोट घासून काढला. खालचा पत्रा चकाकू लागला तसं पुढच्या पावसाळ्यातलं भोक मला आत्ताच दिसू लागलं, खोटं कशाला बोलू? बोल्ट नागड्या पत्र्यावर आवळला आणि वरून मात्र ग्रीस फासलंच. गाणं लावलं तर डिकीचं झाकण थरथरलं.

आबा यायला तयार नव्हते. मी हात धरून त्यांना अंगणात उभ्या गाडीत नेऊन बसवलं आणि शेजारी बसलो. गावात आता त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या मृदंग वाजवतो. त्याने त्याच आठवड्यात सरावाचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, ते लावलं.

पहिल्या ठोक्याला आबा दचकले. हळूच पाठ सीटला टेकली. मग बोटं उठली, मग अख्खा तळहात. डोळे भरले होते, पण चेहरा हसत होता. मी एकटक बघत राहिलो. मग एकाएकी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कोन वाजवतोय ह्यो?"

तुमचा पुतण्या, असं मी कानात ओरडून सांगितलं.

"डावा हात मागं पडतोय तेचा!"

मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. कान गेल्यापासून आबांनी कुणाचीही चूक काढली नव्हती. न ऐकलेल्याला नावं कशी ठेवणार? विचाराल त्याला नुसते हो म्हणून मान हलवायचे, आणि मी बापाला असा गुमान बसलेला बघायला सरावलो होतो. आता ते कडाडत होते.

"तुला आयकू येत नाय काय?" ते माझ्यावरच ओरडले.

मी नाही म्हणून मान हलवली. मला ती चूक खरंच ऐकू आली नव्हती.

त्यांनी माझा हात ओढला, तळवा सीटच्या पाठीवर दाबून धरला आणि वर आपला हात ठेवला. "कानानं नको. हितं बग. आता बरोबर... बरोबर... ह्यो चुकला."

चौथ्या-पाचव्या खेपेला डाव्या हाताचं ते मागं पडणं माझ्याही तळव्याला लागलं.