स्टीलचं नरसाळं

तेलाच्या डब्यातून बरणी भरायची असली की सक्करदऱ्याच्या या घरात अजूनही आधी तेच नरसाळं हाती येतं. त्याच्या कडेला डाग देऊन जोडलेली पट्टी आहे. मी ते परत ठेवते आणि दुसरं शोधते.

नागपूरबाहेर वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो, तेव्हा ह्यांनी एक जुनी फियाट घेतली होती. एका रविवारी सकाळी त्यांनी इंजिनवरचा एअर फिल्टरचा काळा डबा काढला आणि त्याच्या जागी माझं हे नरसाळं चकचकीत घासून, कडेला ती पट्टी जोडून बसवलं. डब्यानं इंजिनचा आवाज दबतो म्हणे. गाडी सुरू केली आणि खरंच, शिलाई मशीनसारखी टकटकणारी ती गाडी घुमायला लागली. ह्यांनी बॉनेट उघडं ठेवून शेजाऱ्यांना बोलावलं. उन्हात नरसाळं झळकत होतं. वीज केंद्राच्या चिमणीची राख रोजच्यासारखीच सगळ्यांवर पडत होती, पिठासारखी मऊ.

मी म्हटलं, "अहो, राख जाईल ना आत."

ते हसले. "आपण हेच हवा घेऊन राहिलो ना वं. आपल्याले काय झालं?"

मलाही ते पटलं.

पावसाळ्याआधीच गाडी धूर सोडायला लागली. मेकॅनिकनं इंजिन उघडलं, आत बोट फिरवलं आणि करडं झालेलं बोट आम्हाला दाखवलं. ह्यांनी काळा डबा परत बसवला आणि सायकल काढून ड्यूटीवर गेले.

पुढे कित्येक वर्षांनी डॉक्टरांनी ह्यांच्या छातीचा एक्स-रे खिडकीशी धरला, तेव्हा मला मेकॅनिकचं ते करडं बोट दिसलं.