हिरवा, पिवळा, लाल आणि अण्णा

उधारी वाटणाऱ्याकडं पैसे उरत नाहीत, किस्से उरतात म्हणे. माझ्याकडं ते एक पैसा न वाटताच साठलेत. सात रस्त्याजवळ आमच्या कंपनीचं एका खोलीचं ऑफिस आहे. कोणत्या व्यापाऱ्याला उधार माल द्यावा, कोणाला देऊ नये, याचे रिपोर्ट आम्ही विकतो. जीएसटी, बँकेचे हप्ते, कोर्टकचेऱ्या असं सगळं गोळा करून कॉम्प्युटर प्रत्येक पार्टीला हिरवा, पिवळा नाही तर लाल रंग देतो. ज्या गावात सगळ्यांची पत टपरीवर चहाबरोबर फुकट कळते, तिथं मी ती विकायला बसलोय. यावरून माझी अक्कल ओळखा.

पुण्याच्या हेड ऑफिसातल्या साहेबांनी मात्र ओळखली. त्यांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत एक तरी मोठा सूतव्यापारी मेंबर करून आणा, नाही तर ऑफिसला कुलूप लावा. त्या कुलपाच्या आत माझी नोकरीही होती!

* * *

पहिला प्रयत्न नवी पेठेत, बायकोबरोबर साडी घेताना. दुकानदाराला मी तासभर पटवलं, की ओळखदेख बघून उधारी देणं म्हणजे विहिरीत उडी, आधी माहिती काढावी. त्याला इतकं पटलं, की त्यानं मान हलवत चहा मागवला.

बिलाच्या वेळी माझा मोबाईल बंद पडला आणि पाकीट घरी. उद्या आणून देतो म्हटलं. त्यानं साडी उचलून परत फळीवर ठेवली.

"तुमची माहिती काढतो आन् दोन दिसांत कळवतो की."



* * *

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याची पाहणी करायला गेलो. सगळे माग बंद, एकही कामगार नाही, फाटकावर एक कुत्रं झोपलेलं. मी फोटो काढले, "उत्पादन ठप्प" लिहिलं आणि लाल रंग देऊन मोकळा झालो. मोठा मासा पकडला म्हणून त्या संध्याकाळी भजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मालक ऑफिसात हजर. त्या पट्ट्यात त्या वारी साप्ताहिक सुट्टी असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मालक चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. खुर्चीत बसून त्यांनी शांतपणे विचारलं,

"रविवारी तुमचं ऑफिस बी बंद असतंय. त्याला कुटला रंग लावता?"

* * *

दोन सख्खे भाऊ, दोघांचे चादरीचे कारखाने, मधे एक भिंत आणि बोलणं बंद. थोरल्यानं धाकट्याचा रिपोर्ट मागवला, धाकट्यानं थोरल्याचा. एकाच दिवशी दोन गिऱ्हाइकं! मी हरखून दोघांनाही रिपोर्ट पाठवले. दोघेही लाल.

संध्याकाळी दोघं एकाच मोटरसायकलवरून आले. घरातली गोष्ट पुण्याला कुणी सांगितली म्हणून दोघांनी मिळून मला झाडलं आणि जाताना एकमेकांना "चल की" म्हणत गेले. भावकी जुळली, मेंबर गेले दोन.

* * *

आता अण्णा. सुताचे मोठे व्यापारी, घरात तेलुगू, दुकानात चार भाषा. त्यांच्याच एका गिऱ्हाइकाचा लाल रंग मी त्यांना दाखवला. अण्णांनी चष्मा लावून तो कौतुकानं बघितला.

"माझं येणं हाय त्याच्याकडं," ते म्हणाले. "पण रोज दुकानावरनं नमस्कार करून जातंय. बुडवणारं माणूस आधी रस्ता बदलतंय, साहेब. हे बदलेना."

त्यांनी माझ्यासमोर त्याला आणखी सूत दिलं. पुढं त्या लाल माणसानं पेढ्यांसकट सगळे पैसे फेडले. मी हिरवा दिलेला एक जण त्याच सुमारास गाव सोडून गेला.

* * *

दिवाळीच्या तोंडावर अण्णा स्वतः ऑफिसात आले. म्हणाले, गावातल्यांचं ठीक, पण बाहेरगावच्या पार्टीचा रस्ता मला कुठं दिसतो? आणि त्यांनी वर्षाच्या मेंबरशिपवर सही केली. मला खरंच रडू येईल असं वाटलं. पैशाचं विचारलं तर म्हणाले, पुढच्या महिन्यात देतो. अण्णांना कोण नाही म्हणणार? गावभर रंग वाटणाऱ्या मी त्यांचा रंग काढून बघायचाही विचार केला नाही. पुण्याचे साहेब म्हणाले, पैसे जमा झाले की कुलूप रद्द.

पुढचा महिना आला आणि गेला. अण्णांच्या दुकानात गेलो की ते नुकतेच बाहेर पडलेले असायचे. मी स्वतःची समजूत घालत होतो, मोठा माणूस, कामं असतात.

काल संध्याकाळी बायकोबरोबर नवी पेठेतून चाललो होतो. समोरून अण्णा येताना दिसले. मला इतका आनंद झाला, की मी लांबूनच हात जोडले. अण्णा क्षणभर थांबले आणि डावीकडच्या बोळात शिरले.

बायकोनं विचारलं, "अहो, ते तुमचे अण्णा ना? तिकडं कुठं वळले? त्या बोळात तर नुसती बांगड्यांची दुकानं आहेत."