सटवाजीची सरकती फळी

१२ डिसेंबर १९३८ रोजी चारठाण्याच्या सटवाजी सुतारानं परभणीच्या कचेरीत अपिलाची फी भरली : निजामाच्या हाली सिक्का चलनातले अकरा रुपये चार आणे. "एवढ्यात गाडीचं नवं चाक झालं असतं," असं त्याची बायको धुरपताबाई म्हणाली खरी, पण तारखेला भाकरी बांधून तीच पुढं निघाली.

सटवाजी हसरा गडी. काम करताना लाकडाशी बोले. एखादं वाकडं निघालं तर त्याला "पाव्हणं" म्हणे. पेरताना मूठ सैल सुटली की बी दाट पडतं, म्हणून त्यानं तिफणीच्या चाड्याखाली, म्हणजे बी सोडायच्या वाडग्याखाली, एक सरकती फळी बसवली. बारीक दाण्याला फट लहान, जाड दाण्याला मोठी. या युक्तीचं त्यानं पेटंट मागितलं. परभणीचे अवजारांचे व्यापारी किशनराव यांनी हरकत घेतली आणि अर्ज फेटाळला गेला. कारणं दोन. असं चाडं आधीपासून आहे. आणि फळी जागेवर कशानं राहते, हे अर्जात लिहिलेलं नाही. अपील हरलं असतं तर किशनराव तेच चाडं स्वतः करून विकणार होते.

अपिलाचे साहेब दौऱ्यावर आले. किशनरावांनी पालमहून आणलेलं, आजोबांच्या काळचं चाडं टेबलावर ठेवलं. त्याला भोक होतं. साहेबांनी ज्वारी टाकली, झरझर पडली. हरभरा टाकला; अडकून बसला. सटवाजीच्या चाड्यातून दोन्ही पडलं.

"त्यांचे आजोबा ज्वारीच खात व्हते वाटतं," धुरपताबाई म्हणाली.

साहेबांच्या कारकुनानं हसू दाबलं. पहिला मुद्दा मिटला.

"पण कागद वाचून हे कुणाला करता येणार नाही," किशनराव म्हणाले. "माझ्या सुतारालाच बसवा."

त्यांचा सुतार मुंजाजी यानं ही युक्ती कधी पाहिली नव्हती. कारकुनानं उर्दू अर्ज त्याला मराठीत दोनदा वाचून दाखवला. मुंजाजी हत्यारं घेऊन लिंबाखाली बसला. सटवाजी लांबून त्याच्या हातांकडं बघत राहिला. यानं मुद्दाम बिघडवलं तर?

दुपारी मुंजाजी चाडं घेऊन आला. फळी सरकत होती, हवी तिथं थांबतही होती. कडेला बाभळीची पाचर ठोकलेली होती.

"पाचर कागदात आहे का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग घातलीस कशाला?"

"फळी सरकवून थांबवायची म्हणलंय. पाचरीबिगर कशी थांबंल? सुताराला पाचर सांगाया लागती का, साहेब?"

"अरे, तुला आणलं कशाला होतं?" किशनराव कळवळले.

"करता येतं का बघ म्हणला व्हता, मालक. आलं की."

साहेब मोकळेपणी हसले. कागद जाणत्या सुतारासाठी असतो, जे तो आपसूक करतो ते लिहावं लागत नाही, असा निकाल देऊन त्यांनी अपील मंजूर केलं.

धुरपताबाईनं सगळ्यांना भाकरी वाढली. किशनरावांनी दोन खाल्ल्या आणि चाडी किती मिळतील ते विचारलं. "लय," सटवाजी म्हणाला.

मुंजाजीला मात्र मालकानं त्या दिवसाची मजुरी दिली नाही. ती मी देतो, असं सटवाजीनं कबूल केलं. ते दहा आणे अजून द्यायचे आहेत.