दादाने आणलेलं कार्ड

काल लेकीच्या नव्या ग्राफिक्स कार्डाचं खोकं उघडलं आणि त्या कोऱ्या वासाने मी थेट रत्नागिरीच्या आमच्या घरात पोचले. दोन हजार तीनचा मे महिना होता.

जहाजावर नोकरीला असलेला माझा दादा सुट्टीवर आला होता. सिंगापूरहून त्याने असंच कार्ड टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. कॉम्प्युटर उघडून त्याने ते माझ्या हातात दिलं.

"तूच बसव गो. मी नसताना तुलाच बघायचंय."

कार्ड खट्कन बसलं. इतके दिवस अडखळणारी शर्यतीची गाडी पडद्यावर सुसाट सुटली, तसे आम्ही दोघं ओरडलोच. 'मी नसताना' हे शब्द मला तेव्हा फक्त नोकरीचे वाटले होते.

त्याच पावसाळ्यात त्याचं जहाज बुडालं. दादा सापडला नाही. आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. कॉम्प्युटरवर चादर पडली, ती एका दुपारी आईनेच काढली.

"तो खेळायचा ते लाव. त्याला यात एवढं काय आवडायचं, मला दाखव."

मी तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. गाडी हलली, आणि आई हमसून हमसून रडायला लागली.