पुलाकडे गेलेलं विमान

गल्लीत तिला सगळे घारआत्या म्हणत, अगदी तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता. उलट कुणी नवख्यानं नुसतं आत्या म्हटलं, तर तिलाच चुकल्यासारखं व्हायचं. शिंप्याच्या दुकानात काजं करण्यात तिचा उभा जन्म गेला. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं, तेही दिवा न लावता! युद्ध आलं, विमानं टेहळायला तीक्ष्ण नजरेची माणसं हवी झाली, तेव्हा दुकानाच्या मालकानं मोठ्या ऐटीत हिचं नाव पुढे केलं, आणि चांगली कारागीर हातची गेली म्हणून मागाहून कपाळ बडवत बसला.

चौकी होती पाण्याच्या टाकीवर. विमानं ओळखायला शिकावं म्हणून काळ्या पुठ्ठ्याच्या आकृत्या कापून दिल्या होत्या. आत्यानं त्या दोऱ्यांनी आपल्या खोलीत छताला टांगल्या आणि अंथरुणावर पडून बघत राहिली. वारा आला की अख्खं आकाश खोलीत हळूहळू गरगरायचं, आणि ते बघता बघता तिचा डोळा लागायचा. आपलं कुठलं, परकं कुठलं, हे तिच्या अंगात झोपेतच मुरलं म्हणा ना.

जोडीला न्हावी होता. माणूस भला, पण बडबड्या, आणि चौकीवर तर बोलायलाच बंदी! इंजिनाचा आवाज ऐकायचा तर तोंड मिटायला नको? म्हणून सगळ्या खुणा हातांच्या. आत्या दुर्बिणीत, न्हावी तिच्या पाठीशी फोन घेऊन. तिनं डावा हात वर केला की विमान पुलाच्या चौकीकडे चाललं, उजवा केला की टेकडीच्या. न्हावी फोनवर हात धरून त्या चौकीला कुजबुजत कळवायचा. तिकडून ‘घेतलं’ असं आलं की तो स्टुलावर टिचकी मारायचा आणि मगच आत्या दुर्बीण खाली करायची. तोवर ते विमान तुमच्या पदरात. या नियमानं तिच्या मनात जे घर केलं, ते कायमचं.

एका दुपारी आपलंच एक विमान आलं. खालून, खोकत, एका अंगाला कललेलं. ढग कापूस पिंजून टाकावा तसे पसरले होते आणि ते त्यांच्यात शिरत होतं. ऊन फार म्हणून न्हाव्यानं त्या दिवशी स्टूल समोरच्या कठड्याच्या सावलीत नेलं होतं, आत्याकडे तोंड करून. तिनं डोळा न हलवता डावा हात वर केला. विमान ढगात गेलं. टिचकी काही वाजली नाही. न्हाव्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. तिकडचे म्हणाले, आकाश रिकामं आहे. बदलीची माणसं आली तरी आत्या दुर्बीण सोडेना. पुढे काय झालं हे विचारायचं नाही, असा वरचा हुकूम होता.

युद्ध संपलं, न्हावी दुकानात परतला, आत्या काजांकडे. पण संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन बसू लागली. पुढे हौशी मंडळीही जमू लागली, विमानांच्या शेपटीवरचे नंबर टिपणारी. नंबर पोस्टमननं बघावेत, असं आत्या फणकाऱ्यानं म्हणायची. ती फक्त प्रत्येक विमान दिसेनासं होईपर्यंत बघायची. घरात ताट निवायचं, पुतण्या हाका मारून दमायचा, पण ही हलेल तर शपथ.

त्या खोकणाऱ्या विमानात तिचं कुणी नव्हतं. तरी ते आपल्या नजरेतून सुटलं आणि पडलं, हा सल काही जात नव्हता. आता म्हातारपणी डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता. उजवा तर गेल्यातच जमा. डाव्याचं ऑपरेशन करू, पण खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. अंधाराची तिला भीती नव्हती. ते विमान अजून तिच्याकडेच होतं, आणि ते आता द्यायचं कुणाकडे, या विचारानं तिचा जीव टांगणीला लागला होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुतण्याची बायको औषध घालायला समोर बसली. कुठल्या डोळ्यात, म्हणून तिनं विचारलं. आत्यानं सवयीनं डावा हात वर केला. थेंब उजव्या डोळ्यात पडला.

"अगं, हा नव्हे!"

"तुमचा हात मला माझ्या उजवीकडे दिसला, आत्या, म्हणून मी उजवा डोळा धरला. मी समोर बसलेय ना."

आत्याच्या गालावरून थेंब ओघळत राहिला, तिनं पुसलासुद्धा नाही. न्हावी म्हणजे जन्मभर आरशातली गिऱ्हाइकं बघितलेला माणूस! आरशात समोरच्याचा डावा हात डावीकडेच दिसतो. त्या दुपारी समोर बसलेल्या न्हाव्याला तिचा हात उजवीकडे दिसला, आणि त्यानं विमान टेकडीवाल्यांना दिलं. ते बिचारे रिकाम्या आकाशात शोधत बसले. पुलाकडे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे आकाश रिकामं होतं ते टेकडीचं. आत्या हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आवरेना. मग थांबत थांबत तिनं सगळी हकिकत सांगितली, पहिल्यांदाच.

"मेल्यानं भलत्याच दारात सोडलं गं ते," ती म्हणाली. "पण पडलं असं तर कुणी म्हटलं नव्हतं."

संध्याकाळी दोघी गच्चीवर गेल्या. एक विमान आलं. आत्याला ते दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. आवाज विरत गेला तसा तिनं डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. पुतण्याची बायको तिच्या समोर उभी होती. ती वळसा घालून आत्याच्या शेजारी आली, आत्या बघत होती तिकडेच तोंड करून उभी राहिली.

"घेतलं, आत्या."

आत्यानं हात खाली केला. मग तिला भूक लागली, म्हणून दोघी जेवायला खाली आल्या.